शिकारी, शेतकरी आणि मोबदला

शेतीच्या उत्पन्नाचे वाटेकरी पूर्वापार अनेक आहेत. बियाण्याचा व्यापारी, मजूर, सोसायटीचे कर्ज, बाजारातील अडत्या ह्या सर्वांचा वाटा शेतकरी आपल्या वहीत मांडतो. परंतु एक वाटेकरी असा आहे की तो रात्री येतो, न मागता घेतो, आणि त्याचा आकडा कोणत्याच वहीत चढत नाही. तो म्हणजे रानातील जनावर. मृगात पेरलेले बी उगवण्यापूर्वीच रानडुकरांचा कळप तासातासाने उकरून वेचून खातो. भुईमूग मुळासकट उलटून टाकतो. मका आडवा करतो. तूर फुलोऱ्यास आली की रोही तिचे शेंडे खुडतात. हरभरा घाट्यावर आला की हरणे त्यात उतरतात. साखरा आणि सेनगाव तालुक्यातील इतर गावांच्या शेतकऱ्यांस हे सांगावयास नको. ज्याच्या शेताच्या भोवती जुन्या लुगड्यांचे कुंपण बांधलेले आहे, त्याने ते हौसेने बांधलेले नाही.

ही हानी किरकोळ नव्हे. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतर्फे २०२५ साली पुढे आलेल्या एका अभ्यासात वन्य प्राण्यांमुळे महाराष्ट्रातील शेतीचे दरसाल होणारे नुकसान दहा हजार ते चाळीस हजार कोटी रुपयांच्या दरम्यान असावे, असा अदमास केलेला आहे. आकड्यांतील अंतर मोठे आहे. पण त्यातील लहान आकडा धरला तरी तो एखाद्या मोठ्या दुष्काळाच्या तोडीचा ठरतो. आणि दुष्काळ दरसाल येत नाही. डुक्कर दरसाल येते.

ह्या हानीच्या अनुषंगाने एक प्रश्न शेतकऱ्यांच्या बैठकीत निघत असतो. परदेशात दुसऱ्याच्या रानात शिकार करू इच्छिणारा मनुष्य जमीनमालकास पैसे मोजतो. मग आपल्या शिवारात डुक्कर वा रोही मारावयास येणाऱ्या बंदूकधाऱ्याने शेतकऱ्यास काही द्यावे काय? की तो आपले पीक राखतो म्हणून उलट शेतकऱ्यानेच त्यास द्यावे? प्रश्न वरवर पाहता चार पैशांचा दिसतो. परंतु त्याच्या पोटात आणखी तीन प्रश्न आहेत: जमीन कोणाची, जनावर कोणाचे, आणि नुकसान कोणाचे? ह्या तिहींची उत्तरे मिळाली म्हणजे चौथ्याचे उत्तर आपोआप हाती येते, असे आमचे मत आहे.

परदेशची वहिवाट

प्रथम ज्या देशांची उदाहरणे आपणांस सांगण्यात येतात, तेथील रीत काय आहे ते पाहू.

अमेरिकेतील टेक्सस प्रांतात नव्वद टक्क्यांहून अधिक जमीन खासगी मालकीची आहे. हरणाची शिकार करावयाची तर शिकाऱ्याने जमीनमालकाशी करार करून हंगामाचा खंड भरावयाचा, ही तेथील सर्वमान्य चाल आहे. परंतु हिंस्र जनावरांची गोष्ट निराळी पडते. तेथे कायोटी नावाचा, आपल्या कोल्ह्याहून मोठा व लांडग्याहून लहान असा प्राणी वासरे व मेंढरे मारतो. शिकारी म्हणतो, 'ह्यास मारून मी तुमचेच काम करतो. त्याबद्दल उलट मीच पैसे का द्यावे?' गुरांचा धनी म्हणतो, 'जमीन माझी, फाटक माझे, तुमच्या बंदुकीच्या आवाजाने बुजणारी गुरे माझी. आणि तुम्ही येता ते माझ्यावर उपकार करावयास नव्हे, स्वतःच्या हौसेसाठी.' दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. म्हणूनच तेथे कोणी पैसे घेतो, कोणी फुकट येऊ देतो, आणि ज्याचे नुकसान फार झाले तो स्वतः पैसे देऊन माणूस लावतो.

त्याच प्रांतात रानटी झालेल्या डुकरांचा उपद्रव मोठा आहे. पूर्वी हेलिकॉप्टरमधून डुकरे मारावयाची तर त्याचा खर्च शेतकऱ्यास सोसावा लागे. २०११ साली कायदा बदलला, आणि हौशी शिकाऱ्यांनी पैसे भरून हेलिकॉप्टरमधून नेम धरण्याची मुभा मिळाली. म्हणजे ज्या कामास शेतकरी पैसे देत होता, त्याच कामाचे त्यास पैसे मिळू लागले. येथपर्यंत ऐकून कोणासही वाटेल की आपला प्रश्न सुटला. परंतु डुकरे कमी झाली काय? नाही. त्यांची संख्या आजही वीस लाखांच्या वरच सांगतात. याचे कारण उघड आहे. ज्या जनावरापासून पैसा मिळतो, ते जनावर पार नाहीसे व्हावे असे कोणासही वाटत नाही. अमेरिकेच्या कित्येक भागांत शिकारीची सोय व्हावी म्हणून लोकांनीच डुकरे गाड्यांत घालून नव्या मुलखात सोडली, हे तेथील वनखात्यांनी नमूद केलेले आहे. मिसुरी प्रांताच्या खात्याने तर २०१६ साली आपल्या ताब्यातील जमिनीवर डुकराची हौशी शिकारच बंद केली. कारण एक-दोन डुकरे बंदुकीने पडली की उरलेला कळप पांगतो, शहाणा होतो, आणि सबंध कळप एकदम सापळ्यात धरण्याचा खात्याचा उद्योग फसतो.

जर्मनीची पद्धत आम्हांस अधिक विचार करण्याजोगी वाटते. तेथे पूर्वी जमीन कुणब्याची आणि शिकार सरदाराची, असा प्रकार होता. सरदाराची डुकरे कुणब्याचे पीक खात, आणि कुणब्याने हाकलले तर तोच गुन्हेगार ठरे. १८४८ च्या क्रांतीने हा हक्क मोडला आणि शिकारीचा अधिकार जमिनीस जोडला गेला. परंतु लहान तुकड्याच्या मालकाने एकट्याने शिकार करणे धोक्याचे. म्हणून आज तेथे साधारणतः ७५ हेक्टर सलग जमीन असल्यावाचून कोणास स्वतंत्र शिकारक्षेत्र राखता येत नाही. बाकीच्या लहान जमीनधारकांचा गावोगाव कायद्याने संघ बनतो. तो संघ शिकारीचा हक्क बहुधा नऊ वर्षांच्या मुदतीने खंडाने देतो, आणि खंडाचे पैसे जमिनीच्या प्रमाणात वाटून घेतो. ह्याहून महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. डुकराने वा हरणाने पिकाची नासाडी केली, तर भरपाईची जबाबदारी त्या संघावर असते, व संघ ती करारान्वये खंडकऱ्या शिकाऱ्यावर टाकतो. म्हणजे शिकारी दोनदा पैसे देतो: एकदा शिकारीसाठी आणि एकदा नासाडीसाठी. जनावरे वाढू दिली तर भुर्दंड त्याच्याच खिशास बसतो. फ्रान्समध्येही डुकरांच्या व हरणांच्या नासाडीची भरपाई शिकाऱ्यांच्या संघांनी करावयाची, अशी व्यवस्था आहे.

आफ्रिकेतील नामिबिया देशाने आणखी एक वाट धरली. तेथे १९७५ च्या कायद्याने मोठ्या खासगी कुरणांच्या मालकांस, व १९९६ च्या दुरुस्तीने सामुदायिक जमिनीवरील रहिवाशांच्या संस्थांस, आपल्या मुलखातील वन्य पशूंचा लाभ घेण्याचा हक्क दिला. शिकाऱ्याने बिबट्यासाठी मोजलेला पैसा मिळू लागल्यावर, तोच बिबट्या दिसताक्षणी मारून टाकण्याची धनगरांची ओढ कमी होते, असा तेथील पुरस्कर्त्यांचा दावा आहे. दावा अगदीच पोकळ म्हणता येणार नाही. कारण जे जनावर काही देते, ते मनुष्य सोसतो. परंतु तो मुलूख विरळ वस्तीचा आहे, आणि एकेक कुरण आपल्या दहा गावांच्या शिवाराएवढे असते, हे ध्यानात ठेवावयास पाहिजे.

आपल्याकडील पूर्वस्थिती

आपल्या इकडे शिकाऱ्याने कुणब्यास खंड देण्याची चाल कधी नव्हती. साखरा ज्या मुलखात येते तो १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. संस्थानी मुलखात काय किंवा इंग्रजी अमलात काय, मोठ्या लोकांची शिकार निघाली म्हणजे गावकऱ्यांनी हाका घालावयाचा, आणि पीक तुडविले गेले तरी तोंड मिटून बसावयाचे, हीच रीत होती. शिकार साहेबाची आणि वेठ रयतेची.

सरकार पैसे देई, पण ते शिकाऱ्यास. इंग्रजी अमलात वाघ, बिबटा, लांडगा ह्यांच्या डोक्यावर बक्षिसे लावलेली असत. इतिहासकार महेश रंगराजन ह्यांनी त्या बक्षिसांच्या कागदपत्रांवरून हिशेब मांडला आहे, तो असा की १८७५ ते १९२५ ह्या पन्नास वर्षांत ऐंशी हजारांवर वाघ, दीड लाखांवर बिबटे आणि दोन लाखांच्या आसपास लांडगे मारले गेले. त्या काळी हे जनावर माणसे व गुरे मारी, ही गोष्ट खरी. बक्षिसे देणाऱ्यांस दोष देण्याचे आम्हांस कारण नाही. परंतु रानडुक्कर, रोही व हरीण ह्यांना निसर्गाने जे राखणदार नेमून दिले होते, ते आपण पैसे देऊन काढून टाकले. आज त्या राखणीचे काम शेतकरी गोफण आणि डफडे घेऊन रात्रभर करतो आहे.

गावपातळीवर मात्र एक जुना व्यवहार होता. पारधी शिवारात फासे लावून हरणे, ससे व तितर धरीत. मांस त्यांचे आणि पीक शेतकऱ्याचे. पैसा कोणी कोणास देत नसे, आणि तक्रारही नसे. दोघांचाही लाभ एकाच कामात होता म्हणून तो व्यवहार टिकला. १९७२ च्या कायद्यानंतर तो संपला. ज्यांचा पिढीजात धंदा ह्यामुळे गेला त्यांस दुसरा धंदा देण्याकडे जितके लक्ष द्यावयास पाहिजे होते तितके दिले गेले नाही, हेही येथे नमूद केले पाहिजे.

आजचा कायदा काय म्हणतो

१९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा हा आजच्या सर्व चर्चेचा पाया आहे. त्याच्या नवव्या कलमाने शिकारीस सामान्यतः बंदी आहे. हौसेची शिकार, मग ती पैसे भरून असो की फुकट, हिंदुस्थानात कोठेही कायदेशीर नाही. अपवाद आहे तो अकराव्या कलमाचा, आणि तो शेतकऱ्याने नीट समजून घ्यावा.

बिबट्या, लांडगा व काळवीट हे पहिल्या अनुसूचीत आहेत. त्यांपैकी एखादे जनावर मनुष्याच्या जिवास धोकादायक झाले, अथवा बरे न होण्याइतके जखमी वा रोगी झाले, तरच राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकास ते मारण्याचा हुकूम देता येतो. आणि तोही ते धरता येत नाही अशी खात्री झाल्यावर. त्याने शेळी मारली किंवा हरभरा खाल्ला, हे कारण त्यास पुरत नाही. ह्या अनुसूचीतील जनावर मारणाऱ्यास तीन ते सात वर्षांची कैद आहे.

रानडुक्कर व रोही ह्यांची गोष्ट वेगळी. २०२२ च्या दुरुस्तीने अनुसूच्या सहांवरून चार केल्या, व ती १ एप्रिल २०२३ पासून अमलात आली. तेव्हापासून ही दोन जनावरे दुसऱ्या अनुसूचीत आहेत. ती उभ्या पिकास धोकादायक झाली असता त्यांस मारण्याचा लेखी परवाना देता येतो. महाराष्ट्रात २०१५ साली हा परवाना देण्याचा अधिकार वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यापर्यंत खाली आणला गेला. सबब, 'सरकार काहीच करू देत नाही' हे म्हणणे पूर्णांशाने खरे नाही. आणि 'परवाना मिळतो म्हणजे प्रश्न सुटला' हेही खरे नाही. परवान्याचा कागद बंदूक चालवीत नाही. ज्याच्यापाशी बंदूक आहे, तिचा रीतसर परवाना आहे, हात स्थिर आहे आणि रात्री शेतात बसण्यास वेळ आहे, असा मनुष्य दहा गावांत एखादाच निघतो. शस्त्रांच्या १९५९ च्या कायद्यात पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीस परवाना देण्याची तरतूद आहे. परंतु आजच्या शेतकऱ्याच्या घरी अशी बंदूक क्वचितच आढळते.

ह्याच कायद्याचे एकोणचाळिसावे कलम आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे आहे. परवान्याने मारलेले अथवा मेलेले आढळलेले वन्य जनावर ही राज्य सरकारची मालमत्ता होय. त्याचे मांस, कातडे, दात वा शिंग कोणासही घेता येत नाही. शिकाऱ्यास नाही, आणि ज्याच्या शेतात ते पडले त्या शेतकऱ्यासही नाही.

मग मोबदला कोणाचा कोणाकडे?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. टेक्ससमधला शिकारी पैसे देतो, कारण तो मांस घरी नेतो, शिंगे भिंतीवर लावतो, आणि हौस भागवितो. जर्मनीतला देतो, कारण कायद्याने त्यास हक्क मिळतो. आपल्या शिवारात येणाऱ्या परवानाधारक बंदूकधाऱ्यास ह्यांपैकी काय मिळते? मांस नाही, कातडे नाही, आणि हौस म्हणून मारणे तर गुन्हाच. त्याच्या पदरी उरते ते जागरण, काडतुसांचा खर्च आणि चुकून माणसास गोळी लागल्यास येणारी जबाबदारी. जो काही विकत घेत नाही, त्याच्याकडे किंमत कशाची मागावयाची? तात्पर्य, आजच्या कायद्यात शिकाऱ्याने शेतकऱ्यास पैसे देण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. आणि जर कोणी शिकारी पैसे देऊ करीत असेल, तर तो मांसासाठी वा कातड्यासाठीच देत आहे, हे शेतकऱ्याने पक्के समजावे. असे पैसे घेणारा शेतकरी शिकाऱ्यासह गुन्ह्यात सापडतो. जमीन त्याची, पंचनामा त्याच्या शेतात, आणि बाहेरचा पाहुणा रात्रीच निघून गेलेला!

मग शेतकऱ्याने शिकाऱ्यास द्यावे काय? व्यवहारात पुष्कळ ठिकाणी तसे करण्याची पाळी येते. बंदूकधाऱ्याचे जाणे-येणे, जेवण, काडतुसे ह्यांचा खर्च शेतकरीच उचलतो. परंतु न्यायाच्या दृष्टीने पाहता हे उलटे आहे. एखाद्याचा पोळ दुसऱ्याच्या शेतात शिरला, तर कोंडवाड्याचा दंड पोळाच्या धन्याने भरावयाचा असतो, शेतवाल्याने नव्हे. वन्य जनावर जर सरकारची मालमत्ता, मेल्यावर तरी निःसंशय सरकारची, तर ते जिवंतपणी खाते त्या पिकाची जबाबदारी आणि त्यास आवरण्याचा खर्च सरकारनेच सोसला पाहिजे. सरकारने हे तत्त्व भरपाई देऊन निम्मे मान्य केलेलेच आहे. उरलेले निम्मे म्हणजे राखणीचा व बंदूकधाऱ्याचा खर्च. तो मान्य करून घेणे हे आपल्या संघटित शेतकऱ्यांचे काम आहे.

ही मागणी अपूर्व नाही. बिहारमध्ये केंद्राने रोह्यास उपद्रवी ठरविल्यावर २०१६ साली मोकामा भागात सरकारनेच बाहेरून नेमबाज आणले, व दोनशेंवर रोही मारले गेले. त्यावरून केंद्राच्या दोन मंत्र्यांत जाहीर वादही झाला. केरळात २०२२ पासून पंचायतींच्या प्रमुखांस रानडुकराबाबत परवाना देण्याचा अधिकार मिळाला, आणि यादीत नोंदविलेल्या बंदूकधाऱ्यांस डुकरामागे मानधन देण्याची सोय झाली. दोन्ही ठिकाणी शेतकरी शिकाऱ्याचा यजमान झाला नाही, आणि शिकारी शेतकऱ्याचा गिऱ्हाईक झाला नाही. दोघांच्या मध्ये सरकार उभे राहिले, हे योग्य झाले.

येथे एक सूचना आम्ही करू इच्छितो. मानधन डोक्यामागे न ठेवता रात्रीमागे ठेवणे बरे. डोक्यामागे पैसा ठेवला की बंदूकधारी जेथे नुकसान आहे तेथे न जाता जेथे जनावर सहज सापडते तेथे जातो, आणि पुढील हंगामाची मिळकत म्हणून पिलावळीच्या माद्या सोडून देतो. रानडुकरीण वर्ष-दीड वर्षाची झाली की वितात येते, सुमारे चार महिन्यांनी विते, आणि एका वेतास चार-सहा पिले देते. रोह्याची मादी आठ महिन्यांनी विते व पुष्कळदा जुळे देते. अशा पैदाशीपुढे हंगामात दोन-चार जनावरे पाडल्याने संख्या घटत नाही. बंदुकीचा खरा उपयोग एकच: विशिष्ट शेतात सवकलेला विशिष्ट कळप त्या पिकाच्या ऐन नाजूक दिवसांत परतविणे. हे काम राखणीचे आहे, शिकारीचे नव्हे. म्हणून त्याचा मेहनताना राखणदाराच्या हिशेबाने द्यावा.

पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ ह्यांच्यासारख्या जाणत्यांनी १९७२ च्या कायद्याचाच फेरविचार करून नियंत्रित शिकारीस मोकळीक द्यावी, असे मत मांडले होते. उद्या तसा कायदा झालाच, तर आमचे म्हणणे इतकेच राहील की टेक्ससची नक्कल करू नये. जर्मनीचे तत्त्व घ्यावे. ज्यास शिकारीचा हक्क, त्याच्यावर नासाडीचा भार. हा भार न उचलता केवळ प्रवेशाचे चार पैसे टाकणारा शिकारी शेतकऱ्याच्या कामाचा नाही. कारण त्याचा फायदा जनावरे वाढण्यात आहे आणि आपला फायदा ती आटोक्यात राहण्यात. शिवाय आपली खाती दोन-पाच एकरांची. एका शेतातून सुटलेली गोळी तिसऱ्या शेतात जाते, आणि तेथे कोणी पाणी धरीत असतो किंवा मचाणावर निजलेला असतो. म्हणून कायदा कसाही असो, एकेकट्या शेतकऱ्याने शिकाऱ्याशी स्वतंत्र सौदा करणे धोक्याचेच राहणार.

लांडगा व बिबट्या ह्यांच्याविषयी

हिंस्र श्वापदांविषयी दोन शब्द स्वतंत्रपणे लिहिणे अवश्य आहे. बिबट्या डुकराची पिले खातो. लांडगा ससे, उंदीर व हरणे ह्यांवर जगतो. पिकवाल्या शेतकऱ्याच्या दृष्टीने ही दोन्ही बिनपगारी जागल्याची नोकरी करतात. सबंध हिंदुस्थानात लांडगे आता दोन-तीन हजारच उरले असावेत, असा जाणकारांचा अंदाज आहे. परंतु ह्या जागल्याची भाकरी कोण देतो? धनगर आणि हटकर आपल्या मेंढरांतून देतो. पिकवाला वाचतो आणि मेंढरेवाला बुडतो, हा न्याय नव्हे.

म्हणून श्वापदाच्या बाबतीत मोबदला द्यावयाचा तो मेंढपाळास द्यावयाचा, शिकाऱ्यास नव्हे. सरकारने २०२२ साली ठरविलेल्या दराप्रमाणे शेळी-मेंढीच्या मृत्यूबद्दल बाजारभावाच्या पाऊणपट किंवा १५,००० रुपये, ह्यांतील कमी असेल ती रक्कम, आणि गाय, बैल वा म्हैस ह्यांबद्दल पाऊणपट किंवा ७०,००० रुपये, ह्यांतील कमी ती रक्कम, अशी तरतूद आहे. रक्कम अगदीच तोकडी नाही. अडचण विलंबाची आहे. वेळेवर मिळालेले शंभर रुपये मनुष्याचा राग शांत करतात. वर्षाने मिळालेले हजार रुपये करीत नाहीत. मधल्या वेळात मेलेल्या मेंढरात विष कालवण्याची बुद्धी होते, आणि त्या विषाने लांडग्याबरोबर गावची कुत्री व घारी-गिधाडेही मरतात. मेंढपाळाने मेलेले जनावर न हलविता वनरक्षकास तत्काळ कळवावे. त्याची छायाचित्रे घ्यावीत. आणि पंचनामा झाल्यावाचून ते पुरू नये. ह्या कामी गावातील शिकलेल्या शेतकऱ्याने त्यास साह्य करणे, हा आम्ही शेजारधर्म समजतो.

आपल्या हाती काय आहे

सरकार आपला भार उचलील तेव्हा उचलील. तोपर्यंत साखऱ्यासारख्या गावच्या शेतकऱ्यांनी संघामार्फत पुढील गोष्टी कराव्यात, असे आम्ही सुचवितो.

पहिली गोष्ट, सामायिक जागल. एकट्याने केलेली राखण म्हणजे कळप शेजाऱ्याच्या शेतात ढकलणे होय. समजा, तीनशे एकरांच्या सलग पट्ट्यातील शेतकरी एकत्र आले, आणि पेरणी व दाणे भरण्याचे मिळून पंचेचाळीस दिवस दोन जागले ठेवले. रात्रीची मजुरी माणशी ४०० रुपये धरली तरी एकूण खर्च ३६,००० रुपये होतो, म्हणजे एकरी अवघे १२० रुपये. एकट्या दहा एकरवाल्याने एकच जागल्या ठेवला तर त्यास १८,००० रुपये, म्हणजे एकरी १,८०० रुपये पडतात. एकीचे बळ ह्याहून अधिक उघड कोठे दिसावे?

दुसरी गोष्ट, नुकसानीची वही. प्रत्येक गट क्रमांकाखाली तारीख, पीक, नासाडीचे क्षेत्र व जनावराची जात लिहावी, आणि छायाचित्रासह अर्ज त्याच आठवड्यात करावा. जे नुकसान नोंदले जात नाही ते सरकारच्या लेखी झालेलेच नसते. ह्याच वहीच्या आधारे बंदूकधाऱ्याच्या खर्चाची मागणी करता येईल. नुसत्या भाषणांनी ती होणार नाही.

तिसरी गोष्ट, परवान्याचा अर्ज एकेकट्याने न करता एकत्र करावा, व बंदूकधारी कोण, त्याच्या शस्त्राचा परवाना कोणता, कोणत्या गटांत तो बसणार, हे वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यास लेखी कळवावे. तो बसणार त्या रात्री त्या पट्ट्यात दुसरे कोणी असू नये, म्हणून गावात दवंडी द्यावी. जनावर पडले तर त्यास हात न लावता खात्यास वर्दी द्यावी. बंदूकधाऱ्याकडून एक पैसाही घेऊ नये. त्याचा खर्च द्यावा लागला तर संघाच्या पावतीने द्यावा, म्हणजे पुढे सरकारकडे मागता येईल.

चौथी गोष्ट, कुंपण. धुऱ्याने करडईच्या चार ओळी लावण्याची वाडवडिलांची युक्ती अजूनही टाकाऊ झालेली नाही. काटेरी करडईतून गुरे व हरणे सहसा घुसत नाहीत. डुकरास मात्र ती पुरेशी नाही. सौर कुंपणाचा झटका जोराचा पण क्षणिक असतो, त्याने जनावर बुजते, मरत नाही. त्यास काही योजनांतून अनुदानही मिळते. परंतु घरच्या विजेचा प्रवाह सरळ तारेत सोडणे हा मनुष्यवधाचा मार्ग आहे. महाराष्ट्रात अशा तारांनी डुकरांबरोबर वाघ मेले आहेत, गुरे मेली आहेत, आणि स्वतः तार लावणारे शेतकरी व त्यांची मुलेही मेली आहेत. दहा क्विंटल सोयाबीन पुढील साली पुन्हा पिकते. गेलेले पोर परत येत नाही. ह्या बाबतीत संघाने कोणाचीही भीड धरू नये.

सारांश असा. शिकाऱ्याने शेतकऱ्यास पैसे द्यावेत की शेतकऱ्याने शिकाऱ्यास, हा वाद ज्या देशांत जनावर विकता येते तेथला आहे. आपल्याकडे जनावर सरकारचे, जमीन आपली, आणि नुकसानही आपलेच. तेव्हा ज्याचे जनावर त्याने पिकाची भरपाई करावी, मेंढपाळाचे मेंढरू भरून द्यावे, आणि राखणदाराचा मेहनतानाही द्यावा, ही मागणी शेतकऱ्याने मान ताठ ठेवून करावी. ती करताना हाती नुकसानीची वही असावी आणि पाठीशी सबंध शिवार असावे. आमच्या वाचकांनी येत्या हंगामापासून निदान ही वही सुरू करावी, एवढी विनंती करून हा लेख आम्ही पुरा करतो.